जागा माझी, मग परवाना कशाला?
आळंदीत स्वतःचे घर बांधण्याआधी

चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत दहा-पंधरा वर्षे नोकरी झाली की बहुतेकांच्या मनात एकच विचार घर करतो: भाड्याची खोली पुरे झाली, आता आपले छप्पर हवे. आळंदीचा परिसर त्यासाठी सोयीचा वाटतो. कंपनीची बस जवळ, मुलांना शाळा, माउलींचे दर्शन हाकेच्या अंतरावर. मग केळगाव, सोळू, मरकळ, धानोरे किंवा चऱ्होलीकडे एक-दोन गुंठ्यांची जागा पाहिली जाते, खरेदीखत होते आणि मिस्त्री पाया खणायला येतो. तेवढ्यात कोणीतरी विचारते, "नकाशा मंजूर केलात का?" त्यावर ठरलेले उत्तर येते, "जागा माझी, पैसे माझे, मग परवाना कशाला?"

या प्रश्नाला रागावण्यात अर्थ नाही. आयुष्याची पुंजी लावणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे. या प्रकरणात त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने पाहू. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो: बांधकाम परवान्याचे काम जागा घेण्याआधी सुरू होते. ज्यांनी ते खरेदीनंतर सुरू केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती असा तुकडा आला आहे, ज्यावर परवाना मिळणेच अवघड.

१. परवाना नेमके काय तपासतो?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेड आणि वारा नसलेल्या वस्त्यांत तो सर्वाधिक फोफावला. त्यातून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्यासाठी नगररचनेचा कायदा झाला. दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडा, खिडकीला हवा मिळू द्या, रस्ता रुंद ठेवा, हे नियम माणसे मेल्यावर सुचलेले आहेत.

आज आपल्याकडे लागू असलेला मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय जमिनीचा विकास करता येणार नाही, असे या कायद्याचे कलम ४३ सांगते. परवान्याच्या फायलीत कागद कितीही असले, तरी त्यातून तीनच प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. जमीन खरोखर तुमचीच आहे का? या जमिनीवर घर बांधणे मान्य आहे का? आणि बांधलेले घर राहणाऱ्याला व शेजाऱ्याला सुरक्षित असेल का? पुढचे सगळे टप्पे या तीन प्रश्नांभोवती फिरतात.

२. परवाना देणार कोण?

आळंदीत पहिला गोंधळ इथेच होतो, कारण दोन-चार किलोमीटरच्या आत कार्यालय बदलते.

जागा आळंदी शहराच्या हद्दीत असेल, तर आळंदी नगरपरिषद. दिघी, डुडुळगाव, मोशी, चऱ्होली बुद्रुक या भागांत असेल, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. इंद्रायणीपलीकडचे चऱ्होली खुर्द, तसेच केळगाव, सोळू, मरकळ, धानोरे अशा खेड तालुक्यातील गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजेच बोलीभाषेतले 'पीएमआरडीए'. हे प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. दोन चऱ्होली नावाने जुळ्या असल्या, तरी परवान्यासाठी दोन वेगळ्या दारांत जावे लागते.

गावातल्या जागेबाबत विकणारा पुष्कळदा म्हणतो, "ग्रामपंचायतीत नोंद आहे, काही काळजी नको." ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी कोणाकडून घ्यायची याचा उतारा आहे. त्यात नाव असणे म्हणजे बांधकामाला मंजुरी असणे नव्हे.

कार्यालये वेगळी असली, तरी नियमपुस्तक आता एकच आहे, ही चांगली बाजू. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता साऱ्या राज्याला एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. आधी शहरागणिक नियम बदलत. आता आळंदीचे आणि पलीकडच्या गावाचे नियम एकाच पुस्तकात सापडतात.

३. जमीन खरोखर तुमचीच आहे का?

दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवले की जमीन बिनधोक झाली, असा समज आहे. निबंधक दस्त नोंदवतात. विकणाऱ्याची मालकी निर्वेध असल्याची हमी ते देत नाहीत. ती खात्री आपली आपण करायची.

त्यासाठी सातबारा उतारा नीट वाचायला शिकावे. 'भोगवटादार वर्ग १' असेल, तर हस्तांतराला सहसा अडचण नसते. 'वर्ग २' असेल, तर विक्रीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. तीर्थक्षेत्राच्या परिसरात आणखी एक शब्द शोधावा, तो म्हणजे 'देवस्थान इनाम'. अशी जमीन देवाच्या नावे असते आणि तिची खासगी विक्री होऊ शकत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कूळ, न्यायालयीन दावा यांच्या नोंदी दिसतात. फेरफार मागे तपासत गेले की जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे कळते.

सर्वात जास्त फसगत सामाईक सातबाऱ्यात होते. समजा, एका गटातले ११ गुंठे सात जणांनी मिळून घेतले. सातबाऱ्यावर सातही नावे येतात, प्रत्येकापुढे एक-दीड गुंठा क्षेत्रही लिहिलेले असते. जागेवर चुन्याची फक्की मारून प्लॉट दाखवलेले असतात, कोपऱ्यात दगड पुरलेले असतात. पण भूमी अभिलेखाच्या नकाशावर मात्र आतली एकही रेघ नसते. अमुक तुकडा अमक्याचा, असे कुठल्याच सरकारी कागदावर नसते. मग परवान्याच्या अर्जाला जोडायचे काय?

जोडायची असते ती मोजणीची 'क' प्रत. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक जागेवर येऊन मोजणी करतो आणि हद्दी दाखवणारा नकाशा देतो. आळंदीसारख्या ठिकाणी सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. जागा मोठ्या जमिनीतून पाडलेला प्लॉट असेल, तर त्या संपूर्ण रेखांकनाला मंजुरी होती का, हे पाहावे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर त्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी लागते. विक्रेत्याकडे तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये.

एका गुंठ्याच्या खरेदीत तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही आडवा येत आला आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत, हा त्याचा हेतू. २०२५ मध्ये राज्य सरकारने निवासी क्षेत्रांतील जुने तुकडे-व्यवहार नियमित करण्यासाठी पाऊल उचलले. हा मोठा दिलासा आहे. तरीही व्यवहार नियमित होणे ही एक गोष्ट आणि त्या जागेवर घराला परवानगी मिळणे ही दुसरी. पहिल्यातून दुसरी आपोआप येत नाही.

४. इथे घर बांधणे मान्य आहे का?

जमीन तुमची ठरली. आता दुसरा प्रश्न: विकास योजनेच्या किंवा प्रादेशिक योजनेच्या नकाशावर ती कोणत्या रंगात आहे? निवासी विभागात असेल तर उत्तम. शेती विभागात असेल तर घराच्या बांधकामावर मोठ्या मर्यादा येतात. कधी त्याच जागेवरून नियोजित रस्ता जातो, कधी बाग किंवा शाळेचे आरक्षण असते. संबंधित कार्यालयात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. याला फार खर्च येत नाही, आणि लाखोंचा व्यवहार वाचू शकतो.

'एन.ए. झाली आहे का?' हा नेहमीचा प्रश्न याच टप्प्यावर येतो. शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी परवानगी लागे. जमीन महसूल संहितेत नंतर ४२अ ते ४२ड ही कलमे आली आणि चित्र बरेच सोपे झाले. विकास योजनेतील निवासी जमिनीला, तसेच प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलेल्या आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज उरली नाही. ठरलेला कर भरून, लागत असल्यास सनद घेतली की काम होते.

आळंदीत सर्वात गंभीर बाब नदीची आहे. जलसंपदा विभाग इंद्रायणीच्या काठाने दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर बांधता येते, आणि त्यातली मुख्य अट अशी की जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीहून निदान ४५ सेंटिमीटर वर हवी.

या निळ्या रेषेची किंमत काय असते, ते चिखलीत दिसले. आळंदीच्या वरच्या अंगाला, याच इंद्रायणीच्या काठी, निळ्या पूररेषेत बंगल्यांची वसाहत उभी राहिली होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारला, आणि १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथले ३६ बंगले पाडले. त्यांत राहती कुटुंबे होती, पै-पै जमवून घेतलेले प्लॉट होते. जागा घेण्याआधी पूररेषेच्या नकाशावर गट क्रमांक शोधला गेला असता, तर यांपैकी बराच आकांत टळला असता. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी नदीकाठची जागा स्वस्त का आहे, याचे उत्तर त्या नकाशावर असते.

दिघी-भोसरी-चऱ्होलीच्या बाजूला आणखी एक रेषा तपासावी लागते. तिथल्या काही भागांत संरक्षण खात्याच्या आस्थापनांभोवती १९०३ च्या संरक्षण कामे कायद्याखाली बांधकामाला निर्बंध असलेला पट्टा आहे. लोक त्याला 'रेड झोन' म्हणतात. तिथे सातबारा कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही.

५. किती मोठे घर बांधता येईल?

इथे दोन मापे एकत्र काम करतात. एक चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे 'एफएसआय' म्हणतात. दुसरे सामासिक अंतर, म्हणजे चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा.

पोळ्या करताना मळलेली कणीक ठरावीक असते. त्यात मोठ्या पोळ्या कमी होतील, लहान जास्त होतील, पण एकूण कणीक तेवढीच, आणि एकही पोळी तव्याबाहेर जाऊ शकत नाही. एफएसआय म्हणजे ती कणीक: सर्व मजले मिळून एकूण किती बांधकाम. सामासिक अंतरे सोडून उरलेली जागा म्हणजे तवा: प्रत्येक मजला किती पसरू शकतो.

आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दोन गुंठ्यांच्या आसपासचा, १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब असा २०० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१ आहे. म्हणून २०० × १.१ = २२० चौरस मीटर, ही झाली एकूण कणीक.

समजा समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचे आहे. प्रत्यक्ष आकडे प्लॉटच्या आकारावर आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. रुंदीतून दोन्ही बाजूंचे मिळून ३ मीटर गेले, उरले ७. लांबीतून साडेचार गेले, उरले १५.५. म्हणजे तळमजला जास्तीत जास्त ७ × १५.५ = १०८.५ चौरस मीटर. असे दोन मजले केले तर २१७. एकूण मर्यादा २२०. घर बसले!

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून तळमजला मोठा केला, तर एफएसआय शिल्लक असूनही नियम मोडतो. ती दीड मीटरची पट्टी वाया गेलेली जागा नाही. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरात ऊन-वारा येतो तो तिच्यातूनच.

६. अर्ज, शुल्क आणि मुदत

अर्ज तुमच्या वतीने वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता ऑनलाइन दाखल करतो. सोबत मालकीचे उतारे, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला, लागत असल्यास सनद, घराचा नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र जोडले जाते. नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने, पाडायचे जुने बांधकाम पिवळ्याने दाखवण्याची पद्धत आहे. नकाशावर सही करण्याआधी तो टेबलावर पसरून, मोजपट्टी घेऊन, घरातल्या सगळ्यांनी पाहावा. जिना कुठे, संडासाची टाकी कुठे, गाडी कुठे, हे त्याच वेळी बदलणे स्वस्त असते.

शुल्कात छाननी शुल्क, विकास शुल्क आणि कामगार कल्याण उपकर हे मुख्य. विकास शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्याच्या, जमीनदरावर ठरते. निवासी वापरासाठी कायद्यातला मूळ दर जमिनीवर अर्धा टक्का आणि बांधकामावर दोन टक्के असा आहे. समजा दर चौरस मीटरला १०,००० रुपये आहे. आपल्या २०० चौरस मीटरच्या प्लॉटचे १०,००० रुपये होतील आणि २१७ चौरस मीटर बांधकामाचे ४३,४००. एकूण ५३,४०० रुपये. कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो आणि तो बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी जातो. स्वतः राहण्यासाठी बांधलेल्या, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खर्च नसलेल्या घराला त्यातून सूट आहे.

छोट्या घरांसाठी एकीकृत नियमावलीने वाट सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर प्रमाणित कागद आणि शुल्क जमा केल्याची पोच हाच परवाना मानला जातो. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी मिळावी, अशी तरतूद आहे. आपला २०० चौरस मीटरचा प्लॉट यातच बसतो. मात्र यात सूट मिळाली ती प्रक्रियेला. पूररेषा, आरक्षण, सामासिक अंतर हे नियम जसेच्या तसे लागू राहतात.

नेहमीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते, असे १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम ४५ सांगते. पण नकाशा नियमांत बसत असेल तरच. नियमबाह्य नकाशा ६० दिवसांनी आपोआप कायदेशीर होत नाही. परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अट घातली गेली, तर ४० दिवसांच्या आत अपील करता येते.

७. जोत्यापासून भोगवट्यापर्यंत

मंजुरीनंतर हाती येते ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्ष चालते. काम लांबले तर दरवर्षी नूतनीकरण करत एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते. मुदतीत जोत्यापर्यंत काम पूर्ण झाले, तर पुढे नूतनीकरणाची गरज राहत नाही.

जोता हा साऱ्या कामातला निर्णायक क्षण. पाया भरून जोत्याची पट्टी ओतली की घराचे चारही कोपरे जमिनीवर कायमचे उमटतात. त्याच वेळी अभियंत्याला बोलवावे आणि हद्दीच्या दगडापासून भिंतीपर्यंत प्रत्येक बाजूला टेप लावून बघावे. नकाशात दीड मीटर आणि जागेवर सव्वा असेल, तर चूक आत्ता हजारांत सुधारते. स्लॅब पडल्यावर तीच लाखांत जाते. म्हणूनच नियमात जोता तपासणीची सोय आहे.

घर पूर्ण झाले की वास्तुविशारद पूर्णत्वाचा दाखला सादर करतो आणि प्राधिकरण भोगवटा प्रमाणपत्र देते. गृहप्रवेशाच्या घाईत पुष्कळ जण हा शेवटचा कागद घेतच नाहीत. मग घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना तो आठवतो. सांडपाण्याचीही खातरजमा याच टप्प्यावर करावी. ड्रेनेज लाइन नसलेल्या गावात सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा नीट झाला नाही, तर मैला ओढ्यावाटे इंद्रायणीतच जातो. आळंदीच्या घाटावर वारंवार दिसणारा पांढरा फेस सगळ्यांनी पाहिला आहे. त्यात आपल्या घराची भर नको.

८. परवान्याशिवाय बांधले तर?

"एवढ्या लोकांनी बांधली, कोणाचे काय झाले?" हा युक्तिवाद या पट्ट्यात हमखास ऐकू येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत घरांना मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीकर लागत होता. हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे थकबाकीखाली दबली. मोठ्या जनआंदोलनानंतर २०२३ मध्ये तो माफ झाला. पण शास्ती माफ झाली म्हणून घर अधिकृत झाले नाही. कर भरणे आणि बांधकाम नियमित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वीजबिल, नळजोड, घरपट्टीची पावती यांतली एकही परवान्याची जागा घेत नाही.

अनधिकृत बांधकामाला १९६६ च्या कायद्याच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे, आणि कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते. नियमात बसणारे बांधकाम दंड भरून नियमित करून घेता येते. निळ्या रेषेतले किंवा आरक्षणावरचे मात्र कितीही दंड भरला तरी होत नाही.

म्हणून एक कळकळीची विनंती. विसार देण्याआधी विकणाऱ्याकडे चार कागद मागा: ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीची 'क' प्रत, झोन दाखला आणि पूररेषेच्या नकाशावर त्या गटाची नोंद. ते घेऊन एखाद्या वास्तुविशारदाकडे जा आणि विचारा, "इथे घराला परवाना मिळेल का?" उत्तर 'हो' असेल तरच पैसे द्या. विकणारा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ती जागा सोडून द्या. दुसरी जागा मिळेल, आयुष्याची कमाई पुन्हा मिळणार नाही.